एस२००० की बॉक्स्टर एस: ऑफिसलाही न्यायची आणि ट्रॅकवरही पळवायची

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात येऊन चार-पाच वर्षं झालेली असतात, ग्रीन कार्डची रांग तसूभरही हललेली नसते, घरी एक समंजस कॅमरी उभी असते. अशात एखाद्या रविवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर कुणीतरी उघड्या छपराच्या गाडीतून झुपकन शेजारून निघून जातं. दुसऱ्या दिवशी मला फोन. ‘तुला ते ट्रॅकचं वेड आहे ना? मला एक सेकंडहँड कन्व्हर्टिबल घ्यायची आहे. रोज ऑफिसलाही नेईन.’ थोडं बोलणं झालं की नावं ठरलेली दोनच येतात, होंडा एस२००० आणि पोर्शे बॉक्स्टर एस. हे सगळं मी आता इतक्या वेळा सांगितलं आहे की एकदा लिहूनच टाकतो.

बॉक्स्टर एस म्हणजे इथे मी २००० ते २००४ ची पहिली पिढी धरतोय, जिला जाणकार ‘९८६’ म्हणतात. एस२००० अमेरिकेत २००० ते २००९ या मॉडेल वर्षांत मिळाली. दोन्ही दोन सीटच्या, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. कोणती जास्त पळते हा वाद आधी बाजूला ठेवा. नवशिक्याच्या हातात दोन्ही गाड्या त्याच्या कौशल्याच्या कितीतरी पुढे आहेत. प्रश्न एवढाच, की तुमची सोमवारची सकाळ कशी जाते आणि कोणत्या प्रकारच्या बिघाडाची धास्ती तुम्हाला पचते.

पहिली पायरी: आपलं वर्ष कागदावर मांडा

आठवड्यातून तीन दिवस ऑफिस धरलं तर वर्षाला दीडशेच्या आसपास फेऱ्या होतात. एका बाजूचा पाऊण तास धरा. झाले सव्वादोनशे तास. ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचे दिवस, हौशी माणसाचे वर्षाला सहा झाले तरी खूप. एका दिवसात वीस-वीस मिनिटांची चार-पाच सत्रं मिळतात, म्हणजे सगळे मिळून नऊ-दहा तास. गाडी घेताना आपण ज्या तासांची स्वप्नं पाहतो ते हे दहा. बाकीचे सव्वादोनशे ८८० हायवेवर ट्रकच्या मागे क्लच दाबण्यात जाणार आहेत.

मुलांना शाळेत सोडणं तुमच्याकडे असेल तर घरात दुसरी गाडी हवीच, त्यात चर्चेला जागा नाही. आणि ‘परत गेलो तर पुण्याला घेऊन जाऊ’ असं मनात असेल तर तेही काढून टाका. डाव्या स्टिअरिंगची वीस वर्षांची गाडी भारतात नेऊन पासिंग होत नाही.

दुसरी पायरी: दोघींचा स्वभाव ओळखा

एस२००० चं इंजिन पुढे आहे, पण पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं वाटलं जातं. २००३ पर्यंतच्या गाड्यांना एपी१ म्हणतात. त्यात दोन लिटरचं इंजिन, २४० हॉर्सपॉवर आणि ९००० आरपीएमची लाल रेषा, म्हणजे इंजिन फिरण्याची वरची मर्यादा. टर्बोशिवाय लिटरमागे १२० हॉर्सपॉवर, हे १९९९ साली अचाट होतं आणि आजही कौतुकाचं आहे. २००४ पासूनच्या एपी२ ला अमेरिकेत २.२ लिटरचं इंजिन आलं, लाल रेषा ८००० वर उतरली, चाकं १६ इंचांची १७ झाली आणि मागचं सस्पेन्शन बदललं. हा शेवटचा बदल कागदावर लहान दिसतो, पण नवशिक्यासाठी तोच सगळ्यात मोठा आहे. एपी१ वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू झटक्यात बाहेर फेकते आणि सावरायला फारसा वेळ देत नाही. गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली ती थेट २००६ मध्ये.

मात्र हे इंजिन ६००० च्या खाली झोपलेलं असतं. व्हीटेकचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा, दुसरा कॅम लागला की अंगात वारं शिरल्यासारखं धावतं, पण ऑफिसच्या रस्त्यावर ६००० आरपीएम येतोच कुठे? खालचा पिकअप बेताचा. शिवाय सहाव्या गिअरमध्येही ७० मैलांच्या वेगाला काटा साडेतीन हजारांच्या पुढे असतो. कापडी छप्पर, वर तो आवाज. फोनवर मीटिंग घ्यायची सवय असेल तर पलीकडच्यांना दर मिनिटाला ‘काय म्हणालास?’ विचारावं लागेल.

बॉक्स्टर एसचं ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या लगेच मागे, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आडवं झोपलेलं आहे. ताकद २५० हॉर्सपॉवर, २००३ पासून थोडी वाढवलेली. आकडा एस२००० च्या जवळपासच. पण टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, ४५०० आरपीएमलाच २२५ पौंड-फूट मिळतो, तर एपी१ मध्ये ७५०० ला १५३. ट्रॅफिकमध्ये बॉक्स्टर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चालते. इंजिन मध्ये असल्याने डिक्या दोन, एक पुढे आणि एक मागे. भारतीय दुकानातून तांदळाची वीस पौंडांची पिशवी आणि आठवड्याची भाजी आरामात येते. एस२००० मध्ये डिकी एकच आणि छोटी, पिशवी तिथे गेली तर भाजी शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसवायची.

उंचीचंही पाहा. एस२००० चं स्टिअरिंग वर-खाली किंवा पुढे-मागे काहीच होत नाही. बॉक्स्टरचं फक्त पुढे-मागे होतं. साडेपाच फुटी मराठी माणसाला दोन्ही ठीक. सहा फुटांच्या पुढचा असेल त्याने हेल्मेट घालूनच टेस्ट ड्राइव्हला जावं. चेष्टा करत नाही, कारण पुढे कळेल.

तिसरी पायरी: पैशाचे दोन ढीग करा

एस२००० चे भाव गेल्या काही वर्षांत चढतच गेले आहेत. संग्राहकांनी तिला हेरलं आहे. तशाच अवस्थेतली बॉक्स्टर एस बरीच स्वस्त पडते, आणि ती स्वस्त का हेही कळून घ्या. गाडी घेणं परवडणारे पुष्कळ असतात, सांभाळणं परवडणारे कमी. होंडाचं रोजचं काम कुठलाही बरा मेकॅनिक करतो. बॉक्स्टरच्या इंजिनपर्यंत हात पोचायलाच खालून किंवा सीटमागून उघडाउघड करावी लागते आणि मजुरी तासावर असते.

म्हणून बजेटचा एक भाग आधीच वेगळा काढा. मी एस२००० साठी पाचवा आणि बॉक्स्टरसाठी तिसरा हिस्सा धरायला सांगतो. तो काढल्यावर गाडी बसत नसेल तर ती तुमच्या बजेटची नाही. नवीन आलेले आणखी एक विसरतात. खाजगी विक्रेत्याकडून घेतली तरी कॅलिफोर्नियात टॅक्स सुटत नाही. नाव बदलताना डीएमव्हीत, म्हणजे वाहन नोंदणीच्या कार्यालयात, भरावा लागतो आणि आमच्या भागात तो दहा टक्क्यांच्या घरात जातो.

चौथी पायरी: एस२००० तपासणं

जायच्या आधी विक्रेत्याला सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या.

थंड इंजिन सुरू झाल्यावर पुढच्या बाजूने येणारा आवाज ऐका. लहानपणी सायकलच्या तारांत पुठ्ठा अडकवून फटफट काढायचो तसा आवाज आला तर टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर संपत आलाय. हे ऐकून घाबरू नका, भाव करा. काम मोठं नाही. मग थंड असतानाच पहिल्या गिअरमधून दुसरा टाका. खर्रकन घासला तर गिअर अलगद बसवणारे सिंक्रो झिजलेत, आणि ते मात्र गिअरबॉक्स उघडल्याशिवाय सुटत नाही.

खरी भीती वेगळीच असते. चौथ्या गिअरमध्ये जायचं आणि हात दुसऱ्यात गेला, तर इंजिन क्षणात नऊ हजारांच्या पार फेकलं जातं. तिथे कुठलाही इलेक्ट्रॉनिक कट-ऑफ काही करू शकत नाही, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. एपी१ मध्ये अशा वेळी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोप्यांना, म्हणजे रिटेनरना, तडे जातात. गाडी पुढे महिनोन्‌महिने नीट चालते आणि मग एके दिवशी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. विक्रेत्यालाही माहीत नसेल, कारण पाप आधीच्या मालकाचं असू शकतं. उपाय आहे. जाणत्या मेकॅनिककडून व्हॉल्व्ह कव्हर काढून रिटेनर पाहून घ्या आणि लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते याची तपासणी, करा. कित्येक मालकांनी एपी२ चे मजबूत रिटेनर आधीच बसवलेले असतात. त्याचं बिल असेल तर त्या मालकाला मनातल्या मनात नमस्कार करा.

ऑइलची कांडी स्वतः ओढून पाहा. हे इंजिन ऑइल पितं, ते लपवण्यासारखं नाही. पण कांडी कोरडी निघाली तर मालक कसा आहे ते कळलं. बॉनेट, दारं, पुढचे फेंडर आणि डिकीचं झाकण यांवर चेसिस नंबरचे छोटे स्टिकर असतात. एखादा गायब असेल तर तो भाग रंगवलेला किंवा बदललेला असण्याची दाट शक्यता आहे. छपराचं कापड दाराच्या मागे, घडीच्या जागी फाटतं, तिथे बोट फिरवा. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांना मागे प्लास्टिकची खिडकी होती. काच २००२ पासून.

पाचवी पायरी: बॉक्स्टर तपासणं

इथे एकच नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, आयएमएस. इंटरमीडिएट शाफ्ट हा इंजिनच्या पोटातला एक दांडा. क्रँकची गती तो कॅमशाफ्टच्या साखळ्यांपर्यंत नेतो. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग तुटलं की टायमिंग जातं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि इंजिन भंगारात. सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग दोन ओळींचं होतं, ते तुलनेने टिकाऊ. पुढे एका ओळीचं आलं आणि बोंब झाली ती त्याचीच. २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांवरून अमेरिकेत सामुदायिक दावा झाला आणि पोर्शेने तडजोड केली.

लोक हे वाचून गाडीच सोडून देतात, ती घाई मला पटत नाही. बहुसंख्य गाड्या या बेअरिंगवर व्यवस्थित चालल्या आहेत, आणि उरलेल्यांसाठी ते बदलता येतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरलाच असेल तर क्लच आणि क्रँकच्या मागचं सील, दोन्ही तिथेच समोर दिसतं. एका मजुरीत तीन कामं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारा: क्लच कधी बदलला, आणि तेव्हा बेअरिंगचं काय केलं? बिल दाखवत असेल तर अर्धी लढाई जिंकलात. ‘माझ्या गाडीला तसला प्रॉब्लेम नाही’ असं उत्तर आलं तर बदलायचा पूर्ण खर्च भावातून वजा करा. ऑइल फिल्टर उघडून त्याच्या घड्यांत चमकणारे धातूचे कण आहेत का, हे तपासणीत आवर्जून करून घ्या.

बॉक्स्टरची एक गोष्ट मला फार आवडते: ती चुगली करते. २००० पासूनच्या गाड्यांचा इंजिन संगणक लाल रेषेच्या पलीकडे इंजिन किती वेळा गेलं ते टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवतो, आणि शेवटचं कधी गेलं तेही इंजिनच्या तासांत. पहिल्या टप्प्यातली नोंद साधी, कुणी जोरात चालवली एवढंच सांगणारी. दुसऱ्या टप्प्यातली नोंद बहुधा चुकीचा गिअर पडल्याची, आणि ती मागच्या पंचवीस-तीस तासांतली असेल तर गोड बोलून निघून या. एस२००० मध्ये जे शोधायला व्हॉल्व्ह कव्हर काढावं लागतं, ते इथे स्कॅनर लावून कळतं.

बाकी तपासणी पाण्याभोवती फिरते. छपराच्या घडीखाली पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पाचोळ्याने तुंबतात आणि पाणी आत, ड्रायव्हरच्या सीटखाली उतरतं. तिथेच चोरी रोखणारा इमोबिलायझरचा डबा बसवलेला आहे! गालिच्यावर तळहात दाबून पाहा, वास घ्या. मागच्या डिकीतली कूलंटची टाकी तडकते, तिच्याखालचा गालिचा उचलून डाग पाहा. पुढच्या जाळीतून रेडिएटरवर साठलेला पाला टॉर्चने बघा. एसला तिथे तीन रेडिएटर आहेत. सुरू करताना एखादा धुराचा भपका आला तर मनावर घेऊ नका, आडव्या सिलिंडरमध्ये रात्रभर ऑइल थांबतं. धूर येतच राहिला तर इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर गेलाय.

२००२ पर्यंतच्या गाड्यांना मागे प्लास्टिकची खिडकी आहे. छप्पर अर्ध्यावर थांबवून, उतरून, तिला हाताने घडी घालून द्यावी लागते. थंडीत तर हमखास, नाहीतर चिरते. सिग्नलला हे करताना मागची गाडी हॉर्न वाजवते. काचेची खिडकी २००३ पासून.

सहावी पायरी: कागद

मूळ पिंक स्लिप, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, विक्रेत्याच्याच नावावर हवी. त्यावर ‘सॅल्व्हेज’ (विमा कंपनीने एकदा भंगार ठरवलेली) असेल तर ट्रॅकपुरती गाडी म्हणून विचार करा, रोजची म्हणून नको. स्मॉग सर्टिफिकेट, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, विक्रेत्याने द्यायचं असतं, ९० दिवसांच्या आतलं. ‘तुम्ही करून घ्या, दोनशे डॉलर कमी करतो’ असं कुणी म्हणालं की समजायचं पाणी मुरतंय. विशेषतः एस२००० च्या बाबतीत, कारण हौशी मालकांनी एक्झॉस्ट बदललेला असतो आणि राज्याचा मंजुरी क्रमांक नसलेला भाग दिसला की तपासणी तिथेच अडते. चेक इंजिनचा दिवा बंद दिसतोय यावर जाऊ नका. आदल्या रात्री बिघाडाचे कोड पुसले की दिवा विझतो, पण गाडीच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. वीस डॉलरचा स्कॅनर लावलात की उघडं पडतं.

स्वतंत्र मेकॅनिककडची तपासणी विक्रेत्याने नाकारली तर इसार देऊन फसू नका. आणि नाव बदलायला दहा दिवसांची मुदत असते, ती चुकवू नका.

सातवी पायरी: निर्णय

रोजचा रस्ता लांब असेल, ट्रॅफिकचा असेल, तर मी बॉक्स्टर एस म्हणतो, ते सुद्धा बेअरिंगचं बिल असलेली २००३ किंवा २००४ ची. वाचलेल्या पैशांत दोन-तीन वर्षांचे ट्रॅक डे निघतात. एखाद्या महिन्यात मेकॅनिकचं मोठं बिल आलं तर दोन रात्री झोप लागणार नाही, असा तुमचा पिंड असेल तर एपी२ घ्या आणि आवाज सोसा. एपी१ पहिलीच ट्रॅकची गाडी म्हणून मी कुणालाच सुचवत नाही, कितीही सुंदर मिळाली तरी. ती दुसरी घ्या, हात बसल्यावर.

एस२००० बद्दल एक अडचण आहे जी जाहिरातीत लिहिलेली नसते. गाडी इतकी महाग झाली आहे की मालक तिला ट्रॅकवर न्यायला घाबरतात. ट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या इन्शुरन्समध्ये बहुधा धरत नाहीत. त्या दिवसापुरती वेगळी पॉलिसी मिळते. भिंतीला घासली तर हसून सोडून देता येईल अशी गाडी ट्रॅकवर न्यावी.

अजूनही मन ठरत नसेल तर दोन्ही विक्रेत्यांकडे सोमवारी सकाळी साडेआठची टेस्ट ड्राइव्ह मागा. रविवारच्या मोकळ्या रस्त्यावर दोन्ही गाड्या देखण्याच वाटतात.

आठवी पायरी: पहिला ट्रॅक डे

नाव नोंदवण्याआधी आयोजकाचा कन्व्हर्टिबलचा नियम वाचा. दोन्ही गाड्यांत सीटमागे, गाडी उलटली तर डोकं वाचवायला, कंपनीच्या कमानी आहेत. काही आयोजकांना त्या चालतात, काहींना वेगळा रोल बार लागतो. बऱ्याच ठिकाणी काठीची परीक्षा असते. रोल बार आणि विंडशील्डची वरची कड यांवर काठी टेकवतात आणि हेल्मेट घातलेलं डोकं तिच्या खाली राहायला हवं. उंच माणसाला हेल्मेट घेऊन जायला सांगितलं ते यासाठी. हेल्मेटही एसए श्रेणीचं, म्हणजे मोटार शर्यतीसाठीचं, लागतं, मोटरसायकलचं बहुतेक ठिकाणी चालत नाही.

लागुना सेका या ट्रॅकवर जाणार असाल तर आवाजाची मर्यादा पाहा, बहुतेक दिवशी ती ९० डेसिबलच्या आसपास असते. कंपनीचा सायलेन्सर असलेल्या गाडीला काळजी नाही. आवाजी सायलेन्सर लावलेल्या एस२००० ला ट्रॅकबाहेर बोलावणारा काळा झेंडा दिसतो आणि अख्ख्या दिवसाची फी पाण्यात. सुरुवातीला मी विलोज गावाजवळचं थंडरहिल सुचवतो. तीन मैलांचा, पंधरा वळणांचा ट्रॅक, बाजूला मोकळं रान, चुकलात तर मातीत जाता. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये नको, विलोजचं ऊन आपल्या विदर्भाची आठवण करून देतं.

ब्रेक ऑइल जाण्याआधी नक्की बदला. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १५५ वर येते. मी पहिल्या वेळी आळस केला होता. तिसऱ्या सत्रात पेडल पायाखाली गादीसारखं दबलं आणि पुढच्या वळणाला मी सरळ मातीत. गाडीला काही झालं नाही. शेजारचा इन्स्ट्रक्टर एकच वाक्य बोलला: ‘ऑइल कधी बदललं होतंस?’

टायर रस्त्याचेच ठेवा. चिकट टायर लावले की बॉक्स्टर लांब वळणात इतकी जोराने तोलते की ऑइल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू शकतो. पहिल्या वर्षी तुम्हाला तेवढ्या पकडीची गरजही नाही. एस२००० असेल तर दर सत्रानंतर ऑइलची कांडी पाहा आणि एक बाटली जवळ ठेवा. चाकांचे नट-बोल्ट सकाळी आणि पुन्हा दुपारी टॉर्क रेंचने तपासा, एस२००० ला ८० पौंड-फूट, बॉक्स्टरला ९६.

सत्र संपवून आत आलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेले ब्रेक चिकटून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकूड सरकवा. आता गंमत अशी, की दोन्ही गाड्यांचं छप्पर हँडब्रेक ओढल्याशिवाय हलतच नाही. म्हणजे उघडं की बंद ते सकाळीच ठरवा. मी सकाळी बंद करतो आणि संध्याकाळी, डिस्क हाताला सोसतील एवढ्या निवल्या की आय-५ हायवेला लागण्याआधी उघडतो.